घरी येणारी मानसिक आरोग्य टीम: दोन वर्षांचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, तीनदा ॲडमिट करून झालंय, आणि तिसऱ्या डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलने आम्हाला एका कम्युनिटी मेंटल हेल्थ टीमकडे पाठवलं, त्यांची सोशल वर्कर घरी येते. टीमचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारपण आहे. पण ज्यांच्या घरी असा पेशंट आहे ते बरेच जण विचारतात की सायकिॲट्रिस्ट आहेत, गोळ्या आहेत, मग या बाई घरी येऊन करतात काय नेमकं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधीच्या दोन डिस्चार्जला आमच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी आणि पुढच्या महिन्याची तारीख, बस्स. मधले तीस दिवस कसे काढायचे ते आमचं आम्ही बघायचं. दादा खोलीतून बाहेर यायचा नाही, आई आधी समजवायची मग चिडायची मग रडायची, गोळ्या कधी बंद झाल्या ते कळायचंच नाही, आणि कळायचं तेव्हा थेट ॲडमिट करायची वेळ आलेली असायची.

या सोशल वर्कर ताई पहिल्यांदा आल्या त्या दिवशी दादाने दार उघडलंच नाही. मला वाटलं झालं, आता फाइलमध्ये लिहिणार पेशंट कोऑपरेट करत नाही आणि जाणार. तर त्या खोलीच्या दाराशी जमिनीवरच बसल्या, चांगली चाळीस मिनिटं, मधेच एखादं वाक्य बोलायच्या की मी अमुक, टीमकडून आलेय, दार उघडायलाच पाहिजे असं काही नाही, पुढच्या मंगळवारी अकरा वाजता येईन. आणि मंगळवारी अकराला खरंच हजर. असे तीन मंगळवार गेले, चौथ्या वेळी आतून कडी निघाल्याचा आवाज आला. दार नाही उघडलं, फक्त कडी. ताई मला हळूच म्हणाल्या आजला एवढं पुरे, आणि निघाल्या. मला तेव्हा रडू आलं होतं, खरं सांगते.

मग गोळ्यांचं. दादाला क्लोझापिन आहे, त्यात पांढऱ्या पेशी कमी व्हायचा धोका असतो म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायला लागतं, ते आम्ही करत होतो, तरी रात्रीची गोळी तो गुपचूप चुकवायचा. आम्ही सगळे एकच विचारायचो, घेतलीस का, आणि तो हो म्हणायचा. ताईंनी एकदा खिडकीत वाळत घातलेली उशी बघितली आणि त्याला विचारलं, सकाळी उशी ओली असते का? तो एकदम गप्प, मग मान हलवली. या गोळीने रात्री लाळ खूप गळते, बऱ्याच जणांना होतं म्हणे, आणि त्याला त्याची इतकी लाज वाटायची की गोळीच नको झाली होती. एका घरात राहून आम्हाला हे माहीत नव्हतं!! ताईंनी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून घेतलं, त्यांनी डोसच्या वेळा बदलल्या आणि लाळेवर उपाय दिला, आणि ताईंनी आम्हाला एक गोष्ट बजावली की सलग दोन दिवसांच्या वर खंड पडला तर क्लोझापिन परत जुन्याच डोसने सुरू करायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा, कारण ती परत अगदी थोड्यापासून चढवत न्यावी लागते. आधीच्या दोन डिस्चार्जमध्ये हे आम्हाला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

आईबरोबर त्या वेगळ्या बसायच्या. जॉर्ज ब्राऊन म्हणून लंडनचे संशोधक होते, त्यांनी १९५० आणि ६० च्या दशकात बघितलं की घरी सतत टीका होत असेल किंवा घरचे पेशंटमध्ये अति गुंतलेले असतील तर आजार उलटायचं प्रमाण जास्त असतं. ताईंनी हे सांगितल्यावर आई कोसळलीच, म्हणजे माझ्यामुळे झालं का. ताई म्हणाल्या काकू, आजार तुमच्यामुळे झालेला नाही, पण घरात शांतता असली तर त्याला सोपं जाईल, आणि तुम्हालापण. मग दोघींनी मिळून कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला, झोप कमी, अंघोळ बंद, रेडिओ रात्रभर मोठ्याने, यातलं दोन दिवस काही दिसलं तर कोणाला फोन करायचा. तो कागद दादाने स्वतःच्या अक्षरात लिहिलाय. रेडिओचं त्यानेच सांगितलं, आवाज ऐकू यायला लागले की ते दाबायला तो रेडिओ मोठा करतो.

बाकी कागदपत्रं, सवलतींचे फॉर्म, बसने एकट्याने जायची प्रॅक्टिस, हे सगळं व्यवस्थित केलं, त्यात बोलण्यासारखं काही नाही. आता तो दिवसाला तीन तास पार्सलं लावायच्या कामाला जातो.

आता तक्रार. दीड वर्षाने ताईंची बदली झाली आणि आम्हाला ते फोनवर कळलं, तेसुद्धा त्या गेल्यावर. नवीन बाई आल्या त्यांनी पहिल्या दिवसापासून सगळं परत विचारलं, कधी सुरू झालं, घरात आणखी कोणाला आहे का, दादा उठून आत गेला आणि कडी लावली. पाच आठवडे लागले परत. हे मी नुसतं भावनेपोटी म्हणत नाहीये. असं घरी जाऊन काम करायची पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत मॅडिसनला लिओनार्ड स्टाइन आणि मेरी ॲन टेस्ट यांनी उभी केली, टेस्ट स्वतः सोशल वर्कच्या प्राध्यापक, आणि १९८० मध्ये छापलेल्या त्यांच्याच अभ्यासात दिसलं की १४ महिने पेशंट चांगले राहिले पण तो आधार काढून घेतल्यावर बराचसा फायदा ओसरला आणि ॲडमिट होणं परत वाढलं. म्हणजे हे कोणाला नवीन नाही. जुन्या आणि नव्या दोघींनी दोन-तीन व्हिजिट एकत्र केल्या असत्या तरी चाललं असतं.

यात ताईंचा दोष नाही, त्यांच्याकडे चाळीस केसेस होत्या. मॅडिसनच्या पद्धतीत साधारण १० पेशंटमागे १ कर्मचारी असावा असं धरतात, यावरून अंदाज करा.

दुसरं म्हणजे शनिवार-रविवार फोन कोणी उचलत नाही. कपाटातल्या कागदावर जो नंबर लिहिलाय तोच बंद.

तरी सर्व्हिस घ्या असंच सांगेन, दोन वर्षांत दादा एकदाही ॲडमिट झालेला नाही. फक्त पहिल्याच व्हिजिटला विचारून ठेवा की वर्कर बदलली तर हँडओव्हर कसा करता आणि सुट्टीच्या दिवशी कोण असतं, आणि उत्तर फाइलमध्ये लिहून घ्या. एक स्टार या दोन गोष्टींसाठी कापलाय. फोनबद्दल लेखी तक्रार दिलीय, त्याखाली दादाचीपण सही आहे, उत्तर आलं की अपडेट करते.