७१ क्रेडिट्सवर थांबलेली पदवी : १४ महिन्यांनंतरचा अनुभव

कॉलेज सुटलं तेव्हा माझ्या नावावर ७१ क्रेडिट्स होते (विषय पूर्ण केला की पदरात पडणारे अंक, साधारण एका विषयाला तीन). अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० लागतात, म्हणजे अर्ध्याहून जास्त वाट चालून झाली होती. मग घरची आजारपणं, नोकरी, मूल. बारा वर्षं गेली. गेल्या १४ महिन्यांत त्या ७१ चे १०८ झालेत. कुठे पैसे वाचले आणि कुठे गेले ते सविस्तर लिहितेय, कारण सुरुवातीला मी नेमकं हेच शोधत होते आणि मिळत होत्या त्या फक्त जाहिराती.

पहिली अडचण ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे गुणपत्रिकेची. जुन्या कॉलेजात थोडी फी थकली होती, ती भरेपर्यंत अधिकृत ट्रान्सक्रिप्ट देणार नाही असं सांगण्यात आलं. कॅलिफोर्नियासह काही राज्यांत अशी अडवणूक कायद्याने बंद आहे, माझ्या बाबतीत तो कायदा लागू नव्हता. हप्ते बांधून घेतले. पण तोवर हात बांधून बसायची गरज नसते, हे मला उशिरा कळलं. विद्यार्थी पोर्टलवरून उतरवलेली अनधिकृत प्रत बहुतेक कॉलेजांना प्राथमिक मूल्यमापनासाठी चालते. ती मी पाच ठिकाणी पाठवली.

पैशाचा खरा हिशेब इथेच ठरतो, म्हणून जरा थांबते. पहिल्या कॉलेजने कळवलं, ‘तुमचे सगळे ७१ क्रेडिट्स स्वीकारले.’ मी आनंदाने प्रवेश शुल्क भरून टाकलं. मग डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीसाठी काय झालं आणि काय राहिलं याचा तक्ता, हातात आलं. ७१ पैकी ४४ पदवीच्या ठरलेल्या विषयांत बसले होते. उरलेले २७ ऐच्छिक खात्यात टाकलेले, आणि त्या पदवीत ऐच्छिक जागा होत्या फक्त १५ क्रेडिट्सच्या. म्हणजे १२ क्रेडिट्स कागदावर स्वीकारलेले आणि उपयोग शून्य. चार विषयांची फी पुन्हा भरायची! ‘किती स्वीकारले’ हा प्रश्नच चुकीचा होता. विचारायला हवं होतं, ‘या पदवीसाठी मला अजून नक्की कोणते विषय घ्यावे लागतील? लेखी द्या.’

तिथला प्रवेश सोडला. शुल्क गेलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या ठिकाणी मी बिझनेसऐवजी ऐच्छिक विषयांना भरपूर जागा असलेली लिबरल स्टडीजची पदवी निवडली. तिथे ७१ पैकी ६३ कामी आले. कॉम्प्युटरचा विषय फार जुना म्हणून नाकारला, ते मान्य आहे. संवादकौशल्याचा विषय मात्र सुरुवातीला मोजलाच नव्हता. मी जुन्या कॉलेजच्या विभागाला ईमेल करून त्या वर्षाचा अभ्यासक्रम मागवला, पुनर्विचाराचा अर्ज केला, आणि तो अनिवार्य विषयाच्या जागी बसला. ६३ चे ६६ झाले. एका ईमेलमध्ये एका विषयाची फी वाचली. जुने सिलॅबस सापडले तर टाकू नका.

उरलेल्या ५४ पैकी १२ मी क्लेप परीक्षांतून मिळवले, म्हणजे वर्गात न बसता फक्त परीक्षा देऊन. कॉलेज बोर्डाच्या या परीक्षा १९६७ पासून आहेत, तीसहून जास्त विषयांत. बहुतेक दीड तासाच्या असतात. गुण २० ते ८० मध्ये मिळतात आणि ५० ला क्रेडिट द्यावं अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस आहे, पण प्रत्येक कॉलेज आपला नियम लावतं. मॉडर्न स्टेट्स ही ना-नफा संस्था क्लेपच्या तयारीचे कोर्स मोफत देते आणि कोर्स पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचरही मिळतं. मी समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि मॅनेजमेंट पहिल्या फटक्यात काढले. कॉलेज अल्जेब्रात नापास झाले. तोच विषय पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं, त्या काळात रोज पहाटे तासभर बसले आणि दुसऱ्यांदा सुटले. कमी खर्चाचा याहून चांगला मार्ग मला दिसला नाही. मर्यादा एकच : क्लेपचे विषय बहुतेक पहिल्या दोन वर्षांच्या पातळीचे असतात, वरच्या पातळीचे क्रेडिट्स त्यातून मिळत नाहीत.

नोकरीतल्या अनुभवाचा पोर्टफोलिओ करून सहा क्रेडिट्स मिळाले. हिशेबाच्या कामाचे पुरावे, वरिष्ठांची पत्रं, प्रत्येक मुद्द्यावर लेखन, असे जवळजवळ तीन महिने त्यात गेले. फी कमी, वेळ प्रचंड. पुन्हा करावं लागलं तर मी त्याऐवजी आणखी दोन क्लेप देईन.

उरले ३६. बहुतेक कॉलेजांचा नियम असतो की ठरावीक क्रेडिट्स त्यांच्याकडेच घ्यायचे. माझ्याकडे ही अट ३० ची आहे, त्यामुळे बाहेरून कितीही स्वस्तात मिळाले तरी इथली फी चुकत नाही. बाहेरचे क्रेडिट्स भरपूर घेण्यासाठी थॉमस एडिसन, एक्सेल्सिअर आणि चार्टर ओक या तीन कॉलेजांची नावं वर्षानुवर्षं सांगितली जातात, तिन्ही १९७० च्या दशकात मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी उभी राहिली. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीत सहा महिन्यांची एकच ठरलेली फी आहे, तेवढ्या वेळात जितके विषय पूर्ण होतील तितके करा. हातात मोकळा वेळ असणाऱ्याला ते फार फायद्याचं. मला घर आणि नोकरी सांभाळून तो वेग जमला नसता, म्हणून विषयागणिक फी भरण्याचाच मार्ग धरला.

आर्थिक मदतीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. जुन्या कॉलेजातल्या शेवटच्या सत्रात मी तीन विषय मध्येच सोडले होते. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, मदतीसाठी शैक्षणिक प्रगतीची अट असते. घेतलेल्या क्रेडिट्सपैकी साधारण दोन तृतीयांश पूर्ण झालेले असावेत असा अनेक कॉलेजांचा नियम आहे. माझी मदत त्यावर अडली. मी आजारपणाची कागदपत्रं जोडून अपील केलं, मंजूर झालं आणि पेल ग्रांट (परत न करावी लागणारी सरकारी मदत) सुरू झालं. नकाराचं पत्र आलं की अनेक जण तिथेच थांबतात, तसं करू नका. पेल ग्रांट आयुष्यभरात पूर्णवेळ बारा सत्रांइतकंच मिळतं, त्यातलं किती वापरून झालंय ते फेडरल स्टुडंट एडच्या खात्यात दिसतं. आणि नोकरीच्या ठिकाणी मनुष्यबळ विभागाला शिक्षण-मदतीबद्दल विचारा. आमच्याकडे ती योजना होती आणि कुणीच वापरत नव्हतं.

त्या ३६ क्रेडिट्समधले आता चार विषय राहिलेत, त्यातला एक कॅपस्टोन, म्हणजे पदवीच्या शेवटचा प्रकल्प. तीन विषय पुढच्या सत्रात एकदम घ्यावेत की दोन, हे अजून ठरत नाहीये. सल्लागार बाई म्हणतात दोन घ्या, मुलगी म्हणते तीन.