माजी अध्यक्षांच्या नावाची पितळी पाटी: उद्यमनगरच्या एचिंगकामाचं परीक्षण

नर्सरीवाले आणि लँडस्केपचं काम घेणारे कंत्राटदार यांच्या संघटनेत अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही सगळी पदं बिनपगारी. ऐन हंगामात आपली साइट मुकादमावर सोपवून ही माणसं प्रदर्शनाच्या जागेसाठी, परवानग्यांसाठी, सभासदांच्या अडकलेल्या बिलांसाठी हेलपाटे घालतात. पद सुटलं की त्यांच्या वाट्याला येते एक शाल, एक नारळ आणि अ‍ॅक्रिलिकची ट्रॉफी. कार्यक्रम झाला की ट्रॉफी शोकेसमध्ये जाते आणि नव्या सभासदांना ही माणसं कोण होती हेही कळत नाही. त्यापेक्षा संघटनेने सांभाळलेल्या बागेत, झाडाजवळ, नावाची पक्की पाटी लावणं कितीतरी योग्य. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात पितळी पत्र्यावर एचिंग करून, म्हणजे रसायनाने अक्षरं खोदून, अशी पाटी बनवून मिळते. हे परीक्षण त्या कामाचं आहे. एका दुकानाचं नाही, कारण पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच आहे आणि चुकाही त्याच.

आधी निकाल सांगतो: वस्तू म्हणून पाटी उत्तम, टिकाऊ आणि माणसाच्या कामाला साजेशी. मजकूर आणि बसवणी यांची जबाबदारी मात्र कारागिरावर टाकून चालत नाही.

एका व्यक्तीसाठी 300 बाय 200 मिमीची पाटी पुरते. पत्रा 2 मिमी जाडीचाच मागा. 1 मिमीचा पत्रा स्वस्त पडतो, पण स्क्रू आवळताना कोपऱ्यात वाकतो आणि खोदाईला खोली मिळत नाही. 2 मिमीच्या या मापाच्या पाटीचं वजन साधारण एक किलो भरतं, त्यामुळे हातात घेतल्यावर आणि वजनकाट्यावर फसवाफसवी लगेच कळते. पत्रा घासून, तेलकटपणा काढून त्यावर मास्किंग करतात, म्हणजे द्रावण लागू न देणारं आवरण चढवतात. अक्षरांचा भाग तेवढा उघडा राहतो. मग फेरिक क्लोराइडच्या द्रावणात पत्रा ठेवला की उघडं पितळ खाल्लं जातं. 0.3 ते 0.4 मिमी खोली मिळाली की काम चांगलं. नखाने अक्षरावरून आडवं ओढलं की कड स्पष्ट लागली पाहिजे. त्यानंतर सोड्याच्या पाण्याने धुणं, खोदलेल्या भागात काळा किंवा गडद हिरवा इनॅमल भरणं, वरचा रंग घासून काढणं, बफिंग (घासून चकाकी आणणं), आणि शेवटी पारदर्शक लॅकर.

यातली सर्वांत दुर्लक्षित पायरी म्हणजे सोड्याचं धुणं. फेरिक अक्षरांच्या कोपऱ्यात राहून गेलं तर पहिल्याच पावसाळ्यात रंगाखालून हिरवट डाग फुटतात आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. पाटी ताब्यात घेताना हे दिसत नाही. त्यामुळे ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगा की सोड्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच रंग भरायचा. दुसरी अडचण देवनागरीची. फेरिक खाली खातं तसं बाजूलाही खातं. खोदलेली रेघ थोडी जाड होते आणि अक्षरातल्या बारीक मोकळ्या जागा बुजतात. म्हणून नक्षीदार, बारीक वळणांचा फॉन्ट नको. साधा, एकसारख्या जाडीचा फॉन्ट घ्या. नाव 14 ते 16 मिमी उंचीचं, बाकीच्या ओळी शक्यतो 8 मिमीच्या खाली नकोत, आणि 6 मिमीच्या खाली तर काहीच खोदून घेऊ नका. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसू नये म्हणून दोन ओळींत अक्षराच्या उंचीच्या पावणेदोन पट तरी अंतर हवं. दुकानात सगळा मजकूर एका पाटीत मावावा म्हणून ओळी दाबतात. तिथे अडा. मजकूर कमी करा, पण ओळी दाबू देऊ नका.

आता नावांकडे. इथे सर्वांत जास्त पाट्या वाया जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर दुकानातला डिझायनर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फॉन्टने पुन्हा टाइप करतो. तिथे ‘कुऱ्हाडे’चं ‘कुर्हाडे’ होतं, ‘सूर्यवंशी’चा पहिला उकार ऱ्हस्व होतो, आणि कधी अर्ध्या अक्षराखाली पाय मोडलेला दिसतो. कोल्हापुरात तर एकाच गल्लीत पवारही असतात आणि पोवारही, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. ज्या माणसाने आयुष्याची दहा वर्षं संघटनेला दिली, त्याच्या आडनावात चूक करून त्याचा सन्मान करता येत नाही. यावर उपाय सोपा आहे. मजकूर आपणच युनिकोडमध्ये मांडून घ्या, अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे आकृतीत) बदलून पीडीएफ द्या म्हणजे फॉन्ट बदलायचा प्रश्नच उरत नाही. मग कागदावर मूळ मापात प्रिंट काढून ती सन्मानमूर्तींना किंवा त्यांच्या घरच्यांना दाखवा आणि त्याच कागदावर सही घ्या. मोबाइलच्या पडद्यावर दाखवून ‘ठीक आहे ना?’ विचारलं तर सगळेच हो म्हणतात.

कारकिर्दीची वर्षं आठवणीवर लिहू नयेत. संघटनेचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि निवड मात्र वार्षिक सभेत, म्हणजे मध्येच कधीतरी. त्यामुळे ‘2011–13’ म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत यावर दोन माजी अध्यक्षांत कायमची अढी बसू शकते. सभेचं इतिवृत्त काढा. संघटना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली नोंदलेली असेल तर कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत कलम 22 चा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. त्या अर्जांच्या प्रती आणि परिशिष्ट एकचा (तिथल्या नोंदवहीचा) उतारा हाताशी असेल तर क्रम पक्का लागतो. मधल्या काळात कोणी सहा महिन्यांसाठी प्रभारी होतं का, तेही त्यातून निघतं. आणि अशा प्रभारींचं नाव गाळू नये. अडचणीच्या काळात संघटना त्यांनीच धरून ठेवलेली असते.

पाटीवर ‘श्री.’ आणि ‘कै.’ दोन्ही नकोत. नुसतं पूर्ण नाव, पद, वर्षं आणि कामाची एक ओळ. उद्या माणूस गेला तरी पाटी बदलावी लागत नाही. कामाची ओळ नेमकी हवी: ‘रोपांच्या दर्जाची यादी तयार केली’, ‘माळी प्रशिक्षण सुरू केलं’, ‘प्रदर्शनाचे हिशेब दरवर्षी सभेपुढे मांडले’. ‘थोर व्यक्तिमत्त्व’ असं कोणाच्याही पाटीवर चालतं, म्हणून कोणाच्याच पाटीवर नको. आणि फक्त अध्यक्षांवर थांबू नका. खजिनदाराचं आणि प्रदर्शनाचं संयोजन करणाऱ्याचं काम अनेकदा अध्यक्षापेक्षा जड असतं.

उघड्यावर पितळ कसं वागतं? कोल्हापूरचा जून ते सप्टेंबरचा पाऊस लॅकरची परीक्षा घेतो. लॅकरवर ओरखडा पडला की पाणी आत शिरतं आणि तिथे काळपट चट्टा पसरत जातो. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यानंतर हे दिसायला लागतं. मग थिनरने सगळं लॅकर काढून, बफिंग करून पुन्हा मारावं लागतं. ज्यांना ही देखभाल जमणार नाही त्यांनी लॅकर घेऊच नये. पितळ एकसारखं गडद होऊ द्यावं आणि वर्षातून दोनदा मेणाचं पॉलिश मारावं. आमच्या मते बागेसाठी हेच बरं. लॅकर असलेल्या पाटीला चिंच किंवा भांडी घासायची पावडर लावू नका, लॅकर ओरबाडून निघतं. स्प्रिंकलरचा फवारा पाटीवर येत असेल तर बोअरच्या पाण्यातले क्षार पांढरे होऊन अक्षरांत बसतात. ताज्या शेणखताचा ढीग शेजारी असेल तर त्यातून निघणारा अमोनिया पितळ काळं करतो. बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारताना पाटीवर पोतं टाका.

बसवताना लोखंडी स्क्रू वापरले तर गंजाचे ओघळ थेट नावावर उतरतात. पितळी किंवा 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू आणा, भोकं कडेपासून 12 मिमी आत घ्या. पितळेला भंगारात भाव आहे, त्यामुळे सार्वजनिक बागेत पाटी चोरीला जाते हे गृहीत धरा. पाटीच्या मागे चार खुंट्या ब्रेझ करून (झाळून) त्या दगडातल्या भोकांत इपॉक्सीने बसवल्या तर समोरून स्क्रूच दिसत नाही आणि उचकटणं अवघड जातं. खर्च थोडा वाढतो, पण तो करावा. बाग महापालिकेची असेल तर उद्यान विभागाची लेखी परवानगी आधी घ्या.

पाटी झाडाच्या खोडाला ठोकू नये. आपल्याच व्यवसायातल्या लोकांनी तर अजिबात नाही. खिळ्याने सालीखालचा वाढीचा थर दुखावतो आणि खोड जाड होताना पाटी गिळतं. झाडापासून दोन-तीन फुटांवर तिरका दगडी ठोकळा बसवा, त्यावर पाटी. ठोकळ्यापुढे ड्युरांटाची कड लावली तर दोन वर्षांत नाव झाकलं जातं, तिथे बुटकंच काही लावा. झाड निवडताना ताम्हण, बकुळ, सोनचाफा, सीता अशोक यांतलं घ्या. ताम्हण हे राज्यफूल, शिवाय एप्रिल-मेमध्ये फुलतं. गुलमोहर वादळात फांद्या टाकतो, तो माणसाच्या नावाने लावू नये. खड्डा 3 बाय 3 बाय 3 फुटांचा, उन्हाळ्यातच काढून तापू द्यायचा. काळ्या मातीत तळाला विटांचे तुकडे आणि मुरूम, वर दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, किलोभर निंबोळी पेंड. लागण जूनअखेर ते जुलैत. नाहीतर पाटीवर नाव आणि शेजारी वाळलेली काठी असं दृश्य उभं राहतं, आणि ते त्या माणसाच्या घरच्यांना बघावं लागतं.

पर्यायांबद्दल थोडक्यात. काळा ग्रॅनाईट चोरीला जात नाही आणि खोदाई कायम राहते. सोनेरी रंग उडतो, पण पुन्हा भरता येतो. 600 बाय 450 बाय 18 मिमीची पाटी साधारण 13 किलोची होते, म्हणून नुसत्या चिकटवणीवर भरवसा ठेवू नका. सर्व माजी पदाधिकाऱ्यांची एकत्र यादी लावायची असेल तर ग्रॅनाईट पितळेपेक्षा सरस. एमडीएफच्या चौकटी इथल्या पावसाळ्यात फुगतात, सनबोर्डवरची छपाई उन्हात उडते. अ‍ॅक्रिलिक घरात ठेवायला ठीक.

कार्यक्रम शाहू स्मारक भवनात असो की बागेतच, फेटे, शाल, श्रीफळ हवेतच. फेटा बांधणाऱ्याला तासभर आधी बोलवा आणि वयस्कर मंडळींचा फेटा सैल बांधायला सांगा. सेलोफेनमधला गुच्छ मात्र रोपं विकणाऱ्या संघटनेने देऊ नये. कुंडीतलं चांगलं रोप द्यावं.

संघटनेच्या कार्यालयातल्या फलकासाठी 300 बाय 40 मिमीच्या सुट्या पितळी पट्ट्या करून घ्या आणि पुढच्या दहा वर्षांच्या कोऱ्या पट्ट्या त्याच पत्र्यातून आताच कापून ठेवा. पितळेचा रंग लॉटगणिक बदलतो, नंतर आणलेली पट्टी वेगळी उठून दिसते. कामाला दोन आठवडे धरा. जानेवारीत शाळा-कॉलेजांच्या बक्षिसांची गर्दी असते, त्या काळात तीन. पाटी ताब्यात घेताना सही केलेला कागद सोबत न्या आणि प्रत्येक अक्षर त्याच्याशी ताडून पाहा, मगच उरलेले पैसे द्या.