टिक की टायमर? ब्राउझरवर देश चालवायचा गेम बनवताय तर आधी हे ठरवा

परवा आमच्या इंदूरच्या छप्पन दुकानवर ओळखीतला एक पोरगा भेटला, म्हणे काका आम्ही चौघं मिळून देश चालवायचा गेम बनवतोय, ब्राउझरवरचा, मल्टिप्लेयर, तर टिक ठेवू की टायमर? म्हटलं बस, पोहे मागव, हे उभ्याउभ्या सांगायचं काम नाहीये. त्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय. ज्यांनी असले गेम खेळलेत त्यांच्यासाठीच आहे हे, त्यामुळे कर, सैन्य, तह हे सगळं समजावत बसत नाही.

टायमर म्हणजे ओगेम (२००२) नाहीतर ट्रॅव्हियन (२००४) वाली पद्धत, प्रत्येक गोष्टीला स्वतःचं घड्याळ, भिंत बांधायला चाळीस मिनिटं, फौज पोचायला तीन तास बारा मिनिटं. टिक म्हणजे सगळ्या जगाचं घड्याळ एकच, ठरलेल्या वेळी ठोका पडला की सगळ्यांचं एकदम पुढे सरकतं. पॉलिटिक्स अँड वॉर (२०१४) मध्ये दर दोन तासांनी टर्न पडतो, सायबर नेशन्स (२००६) मध्ये कर दिवसाच्या हिशोबाने. आम्ही आमच्या स्वतःच्या गेममध्ये दोन्ही करून बसलोय, आधी टायमर आणि मग कपाळाला हात लावून टिक.

आता टायमरची बाजू आधी, कारण ती खोटी नाहीये. पहिल्या तासात माणूस अडकतो तो टायमरमुळेच, काही ना काही सारखं पूर्ण होत असतं, बोट आपोआप रिफ्रेशवर जातं. सर्व्हरलाही सोपं पडतं असं मला तरी वाटलं, कारण दर सेकंदाला सगळ्यांचं धान्य मोजायची गरजच नसते, शेवटचं कधी मोजलं आणि तासाला किती येतं एवढं लिहून ठेवायचं, कोणी पान उघडलं की गुणाकार करून दाखवायचा. एक स्वस्तातला सर्व्हर आमचे सगळे खेळाडू आरामात ओढत होता. शिवाय जग नवीन असताना, पंचवीस-तीस लोकच असताना, टायमरमुळे ते रिकामं वाटत नाही. टिकमध्ये दोन टिकांच्या मधे एवढ्याशा लोकांचं जग म्हणजे दुपारचा सराफा, जिथे खाऊगल्ली रात्रीच लागते, दागिन्यांची दुकानं उघडी पण खायला काही नाही.

मग माझं बिनसलं कुठे, तर रंगपंचमीला.

इंदूरबाहेरच्यांना सांगतो, रंगपंचमीला आमच्याकडे गेर निघते, राजवाड्याच्या परिसरात पाय ठेवायला जागा नसते, टँकरमधून रंगाचे फवारे, गुलालाने आकाश दिसत नाही आणि फोन एकतर घरी किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून खिशात. आमच्या आघाडीतले निम्म्याहून जास्त खेळाडू इंदूरचे. समोरची आघाडी नागपूरची, आणि त्या लोकांनी गेरचा दिवस कॅलेंडरमध्ये लिहून ठेवलेला. आम्ही दुपारी हिरवे-निळे होऊन घरी आलो, आंघोळीच्या आधी फोन उघडला तर अकरापैकी सात प्रांत गेलेले. ग्रुपवर एकाचा मेसेज पडलेला, 'भिया, आपली तर लंका लागली'. आणि गंमत म्हणजे मी त्यांना दोषही देऊ शकत नव्हतो, नियम माझेच होते ना, फौज कधी पोचवायची हे ठरवायची मुभा मीच दिलेली.

रंगपंचमी वर्षातून एकदाच येते, पण रात्र रोज येते हो. टायमरच्या गेममध्ये हल्ला पाठवायची वेळ अशी साधतात की तो बरोबर पहाटे पावणेचारला पोचावा. इंदूरचा माणूस सराफ्यातली जलेबी खाऊन दीडपर्यंत जागा असेल एक वेळ, पण पावणेचारला तोही झोपतो. आमच्या पहिल्या जगात जो सगळ्यात मोठा सम्राट झाला तो काही फार डोकेबाज नव्हता, त्याची नाइट शिफ्ट होती एवढंच. मी स्वतः तीन आठवडे रात्री तीनचा अलार्म लावून उठलो, शेवटी आईने दारात उभं राहून विचारलं, 'अरे, इतक्या रात्री कोणाची गाडी पकडायचीय तुला?' उत्तर काय देणार, भिंत बांधून व्हायचीय म्हणून?

ठिगळं आम्हीही लावली. ट्रॅव्हियनमध्ये सिटर असतात, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत दुसरा खेळाडू तुमचं खातं सांभाळतो, तसं ठेवून पाहिलं, तर महिनाभरात प्रत्येक हुशार माणसाची दोन खाती झाली. आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बघून पकडू म्हटलं तर मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच आयपीमागे बसवतात, त्यामुळे भंवरकुआंच्या होस्टेलमधली सहा खरी पोरं आणि एकाच माणसाची सहा खोटी खाती यात फरकच कळेना. सुट्टीचा मोड, म्हणजे तेवढे दिवस खात्यावर हल्ला होत नाही, तो दिला तर लोक हरायला लागले की सुट्टीवर जायला लागले. ट्रायबल वॉर्समधल्यासारखा रात्रीचा बोनस, म्हणजे रात्री बचाव भक्कम, तोही घातला, पण एक खेळाडू दुबईत एक कॅनडात, रात्र कोणाची धरायची?

टिक काही धुतल्या तांदळासारखी नाहीये. पॉलिटिक्स अँड वॉरमध्ये दिवस बदलतो तो यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, आणि सैन्यभरतीची रोजची मर्यादा तेव्हा नव्याने सुरू होते, म्हणून लोक पाच एकोणतीसला एकदा आणि साडेपाचला परत अशी दुप्पट भरती करून तुटून पडतात. म्हणजे अलार्म तिथेही आहेच की. आमच्याही पहिल्या टिकला सगळे शेवटच्या मिनिटाला लॉगिन झाले आणि सर्व्हर आडवा.

पण हे दुखणं औषधाने बरं होतं असा माझा अनुभव. औषध म्हणजे हुकूम बंद पाकिटात. टिकच्या आधी केव्हाही द्या, सकाळी द्या नाहीतर शेवटच्या मिनिटाला, कोणाला दिसत नाहीत, आणि टिक पडली की सगळ्यांचे एकदम उघडतात, आधी हालचाल, मग लढाई, मग कर नि धान्य. उशिरा दिल्याचा फायदा नाही, लवकर दिल्याचा तोटा नाही. नवीन काही नाहीये हे, डिप्लोमसी हा बोर्डगेम १९५९ पासून असाच चालतो. आणि भरती टिकप्रमाणे मोजली, दिवसाप्रमाणे नाही, तर ती साडेपाचची भानगडही राहत नाही.

कोडचं म्हणाल तर टायमरच्या काळात सर्व्हर एकदा चाळीस मिनिटं बंद पडला, परत आल्यावर तुंबलेल्या घटना आमच्या चुकीने उलटसुलट क्रमाने चालल्या, फौजा पोचल्या आणि भिंती मागाहून उभ्या राहिल्या, दोन दिवस शिव्या खाल्ल्या. टिकमध्ये सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर सगळं नाहीतर काहीच नाही, फसलं तर मागे घेऊन परत चालवायचं, फक्त टिकचा नंबर डेटाबेसच्या टेबलमध्ये युनिक ठेवा, एक नंबर एकदाच, नाहीतर एकच टिक दोनदा पडते आणि लोकांना दुप्पट कर मिळतो (तेव्हा मात्र कोणी तक्रार करत नाही).

अजून एक, जे मला फार उशिरा कळलं. टायमरमध्ये वाटाघाटीला वेळच मिळत नाही, कारण थांबायचा असा क्षणच नसतो. आमच्या दोन टिकांच्या मधे बारा तास हातात असतात, मग लोक एकमेकांना पत्रं लिहितात, तह करतात, तह मोडायचं ठरवतात. ऋतूही सहज घालता येतात. आम्ही ठरावीक टिकांचा पावसाळा ठेवलाय, त्यात फौजांचा वेग निम्मा. १८०४ च्या पावसात यशवंतराव होळकरांनी इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनच्या फौजेची काय गत केली ते इंदूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तरी टायमर घेऊच नका असं नाही म्हणत मी. तुमचे खेळाडू दिवसभर मोकळे असतील, किंवा पैसे 'काम लवकर पूर्ण करा' हे विकूनच यायचे असतील, तर टायमरच बरा, टिकवर विकायला असं काही उरतच नाही, हे आधीच समजून घ्या. आमचा गेम फुकट आहे, म्हणून मला बोलायला सोपं जातं.

आमची टिक आता सकाळी नऊ आणि रात्री नऊ, जेवणानंतर आणि सराफ्याच्या आधी. यंदाच्या रंगपंचमीला सकाळी नऊच्या टिकनंतर रात्रीचे हुकूम टाकले, फोन घरीच ठेवला आणि गेरला गेलो. रात्री नऊला दोन प्रांत गेले. पुलावर फौज ठेवायची राहिली होती, चूक आमचीच.