हिडकलच्या उथळ पाण्यासाठी होडी करून घेतली, त्या फायबर वर्कशॉपचा रिव्ह्यू (5 पैकी 3)

आधीच सांगतो, वर्कशॉपचं नाव टाकणार नाही, माणसं वाईट नाहीत आणि अजून माझं तिथं जाणं-येणं आहे. बेळगावातच आहे एवढं समजा. पाण्याच्या टाक्या, बाथरूमची दारं, शाळेतल्या घसरगुंड्या असलं फायबरचं काम करतात, होडी पहिल्यांदाच माझी केली.

मामाचं गाव हिडकलच्या बॅकवॉटरला. धरण 51 टीएमसीचं, भरलं की समुद्र वाटतो, पण मार्चनंतर पाणी जे मागं सरकतं ते बघायला पाहिजे, जुन्या शेतांचे बांध, झाडांची खोडं सगळं वर येतं, हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर दिसायला लागतं आणि मधे मैलभर नुसतं गुडघाभर पाणी. चिलापी आणि मरळ नेमकी तिथंच. मामा इतकी वर्षं ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकायचे, पाय दिवसभर पाण्यात. बुट्टीसारखी गोल नाव पण वापरून बघितली, ती जागच्या जागी फिरते आणि उभं राहून पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) फेकायला गेलं की आपणच पाण्यात. (मासेमारीचं लायसन्स मत्स्य खात्याकडून रीतसर काढलेलं आहे, कमेंटमधे तेच विचारत बसू नका.)

तर मला पाहिजे होती सपाट तळाची, हलकी, बांबूने ढकलत नेता येईल अशी होडी, बाहेर तिला स्किफ म्हणतात. लांबी 12 फूट, तळ मधे 4 फूट रुंद, कडा 16 इंच उंच. पुठ्ठ्याचं मॉडेल कापून घेऊन गेलो होतो. हिशोब सोपा आहे, होडीचा पाण्याला टेकणारा तळ साधारण 3.3 चौरस मीटर, म्हणजे दर 33 किलोला होडी 1 सेंटीमीटर खाली बसणार. दोन माणसं, जाळी आणि होडी धरून 300 किलो, म्हणजे 9 सेंटीमीटर, साडेतीन इंच पाण्यात चालली पाहिजे. मालक मॉडेल उलटंपालटं करून म्हणाले, "होतंय की सर, टाकीपेक्षा सोपं आहे." इथंच मला कळायला पाहिजे होतं.

आता चांगलं काय ते. त्यांचा सुतार मिस्त्री म्हणजे हिरा माणूस. प्लायची शीट 8 फुटाची, होडी 12 फुटाची, म्हणजे जोड आलाच. साधी पट्टी ठोकून जोडलं असतं तर तळ तिथं कडक राहतो, नीट वाकत नाही. म्हणून दोन्ही कडा तिरक्या तासून एकावर एक चिकटवायच्या, आणि तो उतार जाडीच्या आठपट लांब पाहिजे, म्हणजे 6 एमएम प्लायला 48 एमएम. मी हे सांगायला तोंड उघडलं तर मिस्त्रींनी चार शीट जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकामागे एक सरकवून क्लॅम्प केल्या आणि एकाच रंध्याने चारही कडा एकदम उतरवल्या. प्लायचे थर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात, त्या पट्ट्या सरळ आल्या की उतार बरोबर. मी अर्धा तास नुसता बघत उभा. नंतर कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवून घेतलं, सांध्यात इपॉक्सीमधे (दोन भाग मिसळले की कडक होणारा चिकट रेझिन) लाकडाची बारीक पूड कालवून चमच्याच्या पाठीने गोलाई दिली, आतून बाहेरून फायबरची पट्टी. खिळा एक नाही.

प्लायचं मात्र स्वतः बघा. पहिल्यांदा आणलेल्यावर शिक्का 303 चा, म्हणजे साध्या प्लायचा होता, मला आयएस 710 मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारं पाहिजे होतं, परत पाठवलं. दुसऱ्यातला तुकडा घरी आणून संध्याकाळभर उकळला, थर सुटले नाहीत, बायकोने पातेलं मात्र बाहेर काढलं ते अजून बाहेरच आहे.

आता तक्रारी. मिस्त्रींचं काम संपलं आणि फायबरवाल्या पोरांच्या हातात होडी गेली तिथून गडबड. मी विणलेलं काचेचं कापड सांगितलं होतं, त्यांनी टाकीला लावतात ती सुट्या काचतंतूंची मॅट लावली. मॅटमधले तंतू धरून ठेवणारा बाइंडर टाकीच्या पॉलिस्टर रेझिनमधे विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, त्यामुळे मॅट नीट बसेना, मग ओता अजून इपॉक्सी. त्यात जुलै महिना, बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, पहिल्या कोटवर तेलकट साय आली. ती पाण्याने धुऊन, घासून मग पुढचा कोट मारायचा असतो. यांनी सायीवरच मारला, पुढे एका जागी पापुद्रा निघाला.

आणि थर्मोकोलचा किस्सा. होडी उलटली तरी बुडू नये म्हणून दोन्ही टोकाच्या पेट्यांत थर्मोकोल भरायचा होता. इपॉक्सी महाग म्हणून पोराने त्यावर स्वस्तातलं पॉलिस्टर रेझिन ओतलं. माझ्या डोळ्यासमोर ठोकळा चर्र करून आत बसला, तव्यावर लोणी टाकल्यासारखा, तळाला नुसता चिकट लगदा. पोरगं माझ्याकडं बघतंय, मी त्याच्याकडं. पेटी परत खरवडून काढली. गणपतीच्या आधी देतो म्हणालेले, मिळाली दिवाळी झाल्यावर.

खताच्या दुकानातल्या काट्यावर एकेक टोक ठेवून वजन केलं, 91 किलो. मी धरलेलं 55. मामा म्हणाले, "होडी सांगितलेलीस की हौद?" मला वाटलं आता सगळा ड्राफ्ट (होडी पाण्यात किती खोल बसते ते) गेला, पण 36 किलो जास्त म्हणजे फक्त 1 सेंटीमीटर जास्त, पाण्यात फरक कळतच नाही. फरक कळतो चिखलात. उन्हाळ्यात पाण्यापर्यंत पोचायला शंभर-दीडशे पावलं गाळ तुडवावा लागतो, 55 किलो दोघांनी उचलून नेली असती, 91 ला तिसरा माणूस शोधावा लागतो आणि सकाळी पाचला तिसरा माणूस कुठून आणायचा. आता आम्ही खाली केळीचे बुंधे टाकून ओढतो.

चालते कशी, तर झकास. मामा, वय 61, उभं राहून पाग फेकतात आणि होडी हलत नाही. मागची फळी मी मुद्दाम रुंद ठेवायला लावली होती, कारण बांबू मारणारा मागं उभा राहतो, तिथं निमुळती असती तर ढुंगण बुडून नाक वर आलं असतं. धरण भरलेलं असताना मात्र लांब जायचं नाही, वारा सुटला की सपाट तळ लाटेवर थापट्या खातो.

एक चूक माझी पण. तळाला पट्टी नको म्हणालो, उथळ पाण्यात अडकेल म्हणून. पहिल्या दिवशी होडी सरळ जाईचना, एक ढकल दिली की खेकड्यासारखी आडवी. परत वर्कशॉपला नेली, मिस्त्रींनी मागच्या अर्ध्या लांबीला दोन इंच उंचीची सागवानी पट्टी लावून दिली, आता नाक धरून जाते आणि गाळात पण अडकत नाही. खर्च सगळा मिळून 46 हजार, त्यात इपॉक्सीच सगळ्यात जास्त. पट्टीचे पैसे घेतले नाहीत, टेम्पोचं भाडं मात्र दोन्ही वेळचं माझ्याच डोक्यावर.