स्मार्टवॉच की सेलचं घड्याळ: सेकंदाचा हिशोब कुणाला लागतो?

महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत स्मार्टवॉच बघायला गेलात की दुकानदार पावलं, झोप, रक्तातला ऑक्सिजन सगळं दाखवतो. वेळ कितपत बरोबर, हे तो सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

साधं सेलचं घड्याळ आणि स्मार्टवॉच, दोन्हींच्या पोटात वेळ मोजतो तो क्वार्ट्झचा स्फटिकच, सहसा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. बऱ्यापैकी सेलचं घड्याळ महिन्याला १५-२० सेकंद इकडंतिकडं होतं. पंचांगातला एक पळ २४ सेकंदांचा, तेव्हा मुहूर्तापुरतं ते पुरून उरतं. (मंगलाष्टकं वेळेवर संपतात हे गृहीत धरून.) स्मार्टवॉच एकटं सोडलं तर याहून फार सरस नाही. त्याची अचूकता उसनी असते: फोन नेटवर्कवरून वेळ घेतो, घड्याळ ती ब्लूटूथवरून फोनकडून घेतं. रोज एकदा जुळणी झाली तरी फरक एक-दोन सेकंदांच्या आत राहतो. अ‍ॅपलनं तर आपलं घड्याळ प्रमाणवेळेच्या ५० मिलिसेकंदांच्या आत राहतं असा दावा केला होता. ऐकायला भारी, पण 'आता' म्हणून बटण दाबायलाच आपल्या बोटाला त्याच्या चौपट वेळ लागतो.

चावीचं घड्याळ हौसेचं. स्विस क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेच्या चाचणीत उतरलेल्या घड्याळाचं, प्रमाणपत्र मिळवायलासुद्धा दिवसाला सरासरी ४ सेकंद मागं ते ६ सेकंद पुढं एवढी सूट असते. आजोबांचं एचएमटी वापरणार असाल तर मिनिटांतच बोला.

मग कोल्हापुरात सेकंद लागतात कुठं? महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तत्काळ काढताना लागतात. एसीचं १० वाजता उघडतं, स्लीपरचं ११ वाजता, आणि १५ सेकंद मागं असलेल्या घड्याळाच्या भरवशावर बसलात तर वेटिंगच हाती येईल. तिथं फोनशी जुळलेलं स्मार्टवॉच उजवं. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात मात्र उलटं. पंचिंग मशीन दोन मिनिटं पुढं असेल तर तुमची अचूक वेळ घेऊन काय करणार? पगार मशीनच्या वेळेवर निघतो. सेलचं घड्याळ किल्ली ओढून दोन मिनिटं पुढं लावता येतं. फोनला बांधलेली बरीच स्मार्टवॉच तसं करूच देत नाहीत. पाळीत काम करणाऱ्यानं हे घ्यायच्या आधी बघावं.

अंबाबाईच्या किरणोत्सवाला सेकंदाची गरज नाही. सूर्याला स्वतःच्या बिंबाएवढं सरकायलाच दोनेक मिनिटं लागतात. तसं सूर्याला विचाराल तर आपली सगळीच घड्याळं चुकीची: प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, कोल्हापूर ७४.२ वर, म्हणजे आपण सरासरी ३३ मिनिटं पुढंच जगतो.

रंकाळ्याभोवती पळणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तासाभराच्या धावेत स्फटिकाची चूक सेकंदाच्या दहाव्या भागाएवढीही नसते. गडबड होते ती अंतर मोजताना. त्यामुळं त्यांनी जीपीएस चांगलं असलेलं घड्याळ घ्यावं, सेकंदाची चिंता सोडावी. जीपीएसच्या उपग्रहांवर अणुघड्याळं असल्यानं अशा बऱ्याच घड्याळांना वेळेसाठीही फोन लागत नाही. पन्हाळा-पावनखिंड करताना रेंज गेली तरी चालतं, दाट झाडीत सिग्नल मिळायला थोडं थांबावं लागतं इतकंच. पण चार्जिंग संपलं की सगळा कारभार बंद, आणि स्वस्तातली काही तर चार्ज केल्यावरही फोन सापडेपर्यंत भलतीच वेळ दाखवतात. सेलवालं दोन-दोन वर्षं बिनबोभाट चालतं.

माझं मत: फोन कायम खिशात असेल तर साधं ब्लूटूथवालंही चालेल, अचूकतेसाठी जास्त पैसे मोजू नका. फोन घरी ठेवून शेतावर किंवा ट्रेकला जाणार असाल तर जीपीएसवालं, नाहीतर सरळ सेलचं. स्मार्टवॉच घेतलंच तर परत करायच्या मुदतीत दोन दिवस फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा आणि मग सेकंद ताडून बघा. तीन-चार सेकंदांचा फरक चालतो. अर्धं मिनिट निघालं तर बिल शोधा.