सॅलोनिका की पोर्तुगाल: ऐतिहासिक कादंबरीच्या दोन वाटा

१४९२ मध्ये स्पेनने हद्दपार केलेल्या ज्यूंवर कादंबरी लिहायची, तर ऑटोमन साम्राज्यातील सॅलोनिका (आजचे ग्रीसमधील थेस्सालोनिकी) की स्पेनशेजारचे पोर्तुगाल, हे आधी ठरवावे लागते. सॅलोनिकात आसरा खरोखर मिळाला आणि या ज्यूंची स्पॅनिशमधून आलेली लादिनो भाषा शतकानुशतके टिकली. पोर्तुगालने मात्र पैसे घेऊन आत घेतलेल्या या लोकांवर १४९७ मध्ये सक्तीचे धर्मांतर लादले, आणि पुढे इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांच्या वंशजांचा पाठलाग थेट गोव्यापर्यंत केला, जिथे वैद्य गार्सिया द ओर्ता यांची हाडे मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, उकरून जाळण्यात आली. मी दुसरी वाट निवडेन, कारण बाहेर ख्रिस्ती आणि घरात ज्यू असे जगणे इन्क्विझिशनच्या दप्तरात केवळ आरोप म्हणून उरते. शुक्रवारी संध्याकाळी, ज्यूंचा शब्बाथ (साप्ताहिक पवित्र दिवस) सुरू होताना, आडोशाला लावलेल्या दिव्यामागची धास्ती कादंबरीकारालाच लिहावी लागते.