'एकदाच वापरलेल्या' पुंगळ्या आणि माझे १८० डॉलर

गन शोमध्ये (बंदुकांच्या प्रदर्शन-बाजारात) कोणी 'वन्स फायर्ड' ब्रास, म्हणजे काडतुसांच्या एकदाच उडालेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या विकत असेल आणि तुम्ही खिशात हात घालायच्या बेतात असाल तर दोन मिनिटं थांबा, माझं ऐका मग घ्या.

मी पेनसिल्व्हेनियात असतो. ग्रीन कार्ड आल्यापासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणाचा रायफल सीझन उघडला की दरवर्षी जातो (आईला अजून वाटतं मी फोटो काढायला जातो). रायफल साधी, दुकानातून उचललेली थ्री-ओ-एट (.३०८) काडतुसाची बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खटका (बोल्ट) मागे ओढून पुंगळी बाहेर काढायची. विकतच्या काडतुसांनी १०० यार्डांवर पाच गोळ्या पावणेदोन इंचात पडायच्या. हरणाला तेवढं पुष्कळ झालं, पण आपली खाज.

म्हणून काडतुसं घरी भरायला लागलो. यात जादू काही नाही, जी पुंगळी तुमच्याच रायफलमध्ये उडली ती फुगून तुमच्याच चेंबरच्या (काडतूस बसतं त्या खोबणीच्या) मापाची झालेली असते, मग तिची फक्त मान आवळायची, पावडर प्रत्येक वेळी वजन करून घालायची, मॅन्युअलमधल्या खालच्या आकड्यापासून सुरू करायचं आणि बुलेट किती खोल बसवायची ते थोडं थोडं बदलत बघायचं. तीन महिन्यांत ग्रुप, म्हणजे पाच गोळ्यांचा पसारा, ०.९ इंचावर आला. बायको म्हणाली एवढा वेळ भांड्यांना दिला असतास तर.

पण माझ्याकडे पुंगळ्या जेमतेम १००. आणि हाव सुटली.

गन शोमध्ये एक काका टाइप माणूस, समोर प्लास्टिकची बादली, वर पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेलं 'वन्स फायर्ड, एकाच लॉटचा माल'. ५०० नग १८० डॉलर, कॅश. नवीन घेतल्या तर एकेक डॉलरच्या पुढे जाते, मग मला स्वस्तच वाटलं. वरच्या दोन मुठी बघितल्या, सगळ्या एकाच छापाच्या, सोन्यासारख्या चकचकीत. देवगडची पेटी म्हणून घ्यावी आणि वरचा थर सोडला तर खाली कर्नाटकचा आंबा निघावा तसं होतं ते, पण हे कळलं घरी आल्यावर आणि तेही लगेच नाही.

या बादलीतल्या पुंगळ्यांवर तेच बुलेट तीच पावडर, फक्त पावडर दोन ग्रेन (वजनाचं बारीक माप) कमी करून सुरुवात केली, तरी ग्रुप अडीच इंच! विकतच्या काडतुसांपेक्षा वाईट. मग काय, स्कोपचे स्क्रू आवळले, बॅरल घासून घासून तांबं काढलं, खांदा चुकतोय का म्हणून मित्राला मारायला लावलं. पूर्ण दोन महिने मी स्वतःलाच दोष देत होतो, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

शेवटी एका शनिवारी रेंजवर बोल्ट मागे ओढला तर पुंगळीचं नुसतं बूड बाहेर आलं, करदोड्याएवढी कडा असलेली बशीच म्हणा, बाकीची नळी चेंबरमध्येच. चष्मा घातला होता म्हणून ठीक, गालावर गरम हवेचा फटका मात्र बसला. शेजारच्या बेंचवरच्या म्हाताऱ्याने ते बूड हातात फिरवलं आणि विचारलं, ही कितव्यांदा भरलीस? म्हटलं पहिल्यांदाच. तो हसला नाही.

त्यानेच दाखवलं. पेपरक्लिप सरळ करायची, टोकाला जरासं वाकवायचं, पुंगळीच्या आत सोडून बुडाच्या किंचित वर भिंतीला घासत न्यायची. टोक कुठे खाचेत अडकलं की समजा पुन्हा पुन्हा वापरून धातू तिथे ताणून पातळ झालाय. बाहेरून तिथे एक चमकती रेघ दिसते, पण माल आधीच पॉलिश करून लखलखीत केला की रेघ गायब. म्हणजे मी जिच्यावर भाळलो ती चकाकीच खरी पांघरूण होती.

घरी बसून सगळ्या तपासल्या. जवळजवळ अर्ध्या पुंगळ्यांत क्लिप अडकली. वजन केलं तर कोणी १५७ ग्रेनची कोणी १८२ची, म्हणजे खाली मिलिटरीचा जाड माल मिसळलेला. जाड पुंगळीत आत जागा कमी, त्यामुळे तेवढ्याच पावडरीला प्रेशर जास्त, ग्रुप पसरणार नाही तर काय होणार. काहींत तर प्रायमर (बुडात बसवायची ठिणगीची टिकली) नुसत्या अंगठ्याने दाबून आत गेला, एकदाच उडालेल्या पुंगळीत तो इतका ढिला नसतो. लांबी मोजली तर २.०१५ इंच या कमाल मर्यादेच्या वरच्याही बऱ्याच निघाल्या.

बादलीवाल्या काकाने दिलेला फोन लागेना. पुढच्या शोला तोच माणूस, तीच बादली. तुटलेलं बूड टेबलावर ठेवलं तर म्हणे, ब्रास इज ब्रास, घेतलेला माल परत नाही. पावती माझ्याकडे नव्हतीच. मी तिथेच बादलीच्या तळात हात घालून मूठभर काढल्या, खिशातली क्लिप काढली आणि एकेक तपासायला लागलो. मागे उभी असलेली दोन गिऱ्हाईकं बघत बघत पुढे सरकली, तेव्हा कुठे त्याचा चेहरा पडला. पैसे नाहीच दिले.

अडकलेली नळी गनस्मिथने काढून दिली, त्याचे ४० डॉलर वेगळे. त्या सगळ्या पुंगळ्या मी पकडीने चेपल्या, परत कोणाच्या बादलीत जाऊ नयेत म्हणून, आणि भंगारवाल्याकडे नेल्या. बारा पौंड भरल्या. २४ डॉलर आले.